स्टेपनी आहे, पण बदलता येते का?

गाडी चालवायला आपण अठराव्या वर्षी शिकतो. रिव्हर्स पार्किंग जमायला आणखी एखादं वर्ष जातं. पण रात्री हायवेवर टायर बसला तर काय करायचं, हे ड्रायव्हिंग क्लासवाले सहसा शिकवत नाहीत आणि घरचेही सांगत नाहीत. पंक्चर काढायचं की टायरच बदलायचा, आणि या दोन्हींच्या आधी जीव कसा सांभाळायचा, याची ही उजळणी.

२९ डिसेंबर २०२४. रविवारची रात्र. समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात मालेगाव आणि वनोजा टोलनाक्याच्या दरम्यान एका मालवाहू गाडीतून लोखंडी फलक रस्त्यावर पडला. मागून वेगात येणाऱ्या गाड्यांना तो अंधारात दिसलाच नाही. एकामागून एक गाड्या त्यावरून गेल्या आणि बघता बघता पन्नासहून जास्त गाड्यांचे टायर पंक्चर झाले. कार, ट्रक सगळे जागच्या जागी. थंडीचे दिवस, आजूबाजूला ना गाव ना दुकान. मदत लवकर मिळेना, आणि अनेकांना ती रात्र रस्त्यावरच काढावी लागली.

याच महामार्गावर सप्टेंबर २०२५ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ पुन्हा तसंच झालं. रस्त्यात खिळे ठोकलेत असा व्हिडिओ फिरला, गाड्यांचे टायर गेले, लोक चिडले. नंतर रस्ते विकास महामंडळानं सांगितलं की ते खिळे नव्हते. काँक्रिटच्या बारीक भेगा बुजवायला बसवलेले अॅल्युमिनियमचे नोझल होते. नोझल असो की खिळा, टायरला काय फरक पडतो? हवा गेली ती गेलीच.

तुम्ही म्हणाल, वाशिम लांब आहे आणि समृद्धी काही सोलापुरातून जात नाही. खरंय. पण आपल्या शहराभोवतीचे रस्ते आठवून बघा. पुण्याहून हैदराबादला जाणारा ६५ नंबरचा महामार्ग आपल्या दारातून जातो. धुळ्याकडून तुळजापूरमार्गे येऊन विजयपूरकडे जाणारा ५२ नंबर इथूनच जातो. रत्नागिरी, कोल्हापूर, सांगलीकडून येणारा १६६ नंबर इथे येऊन संपतो. त्यात पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर करणाऱ्या भाविकांच्या गाड्या आहेत. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या आहेत. रस्त्याकडेला वेड्या बाभळीचे काटे आहेत, एमआयडीसीच्या आसपास लोखंडाचा कीस आणि पत्र्याचे तुकडे आहेत. आणि या सगळ्यावर वरून सोलापूरचं ऊन. टायरची परीक्षा घ्यायला आणखी काय पाहिजे?

म्हणून एक प्रश्न, अगदी खरं उत्तर द्या. तुमच्या घरच्या गाडीची स्टेपनी तुम्ही शेवटची कधी बघितली?

आधी जीव, मग टायर

पंक्चर म्हटलं की आपल्याला फक्त वेळ आणि पैसे जाणार हे दिसतं. पण ‘रस्त्याच्या कडेला टायर बदलत असताना मागून आलेल्या वाहनाची धडक’ अशी बातमी जिल्ह्याच्या पानावर अधूनमधून येतच असते. म्हणजे टायर गेल्यानं जे झालं नाही, ते गाडी चुकीच्या जागी थांबवल्यानं झालं. त्यामुळे पहिला नियम हाच, की टायर वाचवायच्या नादात गाडी चालत्या लेनमध्ये थांबवायची नाही.

वेगात असताना टायर फुटला तर गाडी एका बाजूला ओढली जाते. त्या क्षणी पाय आपोआप ब्रेकवर जातो. तेच करायचं नाही. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, गाडी सरळ ठेवा, अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढा. वेग आपोआप उतरू द्या. वेग पुरेसा कमी झाला की हलका ब्रेक, डावा इंडिकेटर आणि कडेला. करकचून ब्रेक मारला किंवा स्टिअरिंग झटक्यात फिरवलं तर गाडी गिरकी घेऊ शकते, उलटूही शकते.

हवा हळूहळू जात असेल तर तुमच्या हातात थोडा वेळ असतो. स्टिअरिंग जड लागतं, गाडी एकीकडे खेचते, मागून थडथड आवाज येतो. अशा वेळी पार्किंग लाइट म्हणजे चारही इंडिकेटर लावा आणि अगदी हळू चालवत सुरक्षित जागा गाठा. पेट्रोल पंप, धाबा, टोलनाका किंवा निदान रुंद, सपाट आणि लांबून दिसेल अशी कड. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्याच्या पुढे नको, कारण मागच्याला तुम्ही दिसणारच नाही. बसलेल्या टायरवर गाडी थोडी जरी पळवली तरी टायर आतून खराब होतो हे खरं आहे. पण लहान गाडीचा टायर चार-पाच हजारांत येतो. आपण येत नाही.

गाडी थांबली की माणसं डाव्या बाजूनं उतरवा आणि रस्त्यापासून लांब उभी करा. गाडीसोबत मिळालेला लाल त्रिकोण मागे निदान पन्नास मीटरवर ठेवा, हायवेवर त्याहून लांब. बंपरला टेकवून ठेवलेल्या त्रिकोणाचा उपयोग शून्य. रात्र असेल तर मोबाइलचा टॉर्च हातात ठेवा.

आता एक अवघड गोष्ट. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि गाडी डाव्या कडेला थांबते. त्यामुळे उजवीकडचं चाक पंक्चर असेल तर ते बदलणाऱ्याची पाठ थेट वाहतुकीकडे असते. कड अरुंद असेल, ट्रक सुसाट जात असतील, तर चाक बदलायचं धाडस करू नका. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा हेल्पलाइन नंबर आहे, एरवी आणीबाणीला ११२ आहेच. मदतीची वाट बघत बसणं म्हणजे कमीपणा नाही.

स्टेपनी नावाची एक गल्ली होती

‘स्टेपनी’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो कुठल्यातरी भारतीय भाषेतलाच वाटतो. इंग्लंडमध्ये मात्र आज हा शब्द वापरलात तर समोरचा बघत राहील. तिकडे ‘स्पेअर व्हील’ म्हणतात.

त्याची गोष्ट भारी आहे. हवेचा टायर स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसननं १८४०च्या दशकातच शोधला होता, पण तो चालला नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं पुन्हा पेटंट घेतलं. मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळायची, म्हणून त्यानं ही खटपट केली होती. टायरमध्ये हवा आली तशी पंक्चरही आली. १८९५च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरची मोटार उतरवली, तेव्हा वाटेत त्यांना सारखी पंक्चरं काढत बसावं लागलं.

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच. टायर गेला की मालकानं रस्त्यातच बसून तो काढायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, परत चढवायचा. यावर वेल्समधल्या लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी तोडगा काढला. १९०४ मध्ये त्यांनी आरे नसलेली, टायर चढवलेली एक रिम बनवली. पंक्चर झालेल्या चाकाला ती क्लॅम्पनं अडकवायची आणि पुढे निघायचं. त्यांचं दुकान ज्या रस्त्यावर होतं त्याचं नाव होतं स्टेपनी स्ट्रीट. तिथून ते चाक जगभर गेलं. चाक बदलत गेलं, नाव मात्र भारतात राहिलं.

पण आता गंमत अशी, की स्टेपनी गाडीत असतेच असं नाही. २०२० मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा कमी झाली की इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट हे सगळं असेल, तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालतं. बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीमुळे जागा नसते, म्हणून स्टेपनीऐवजी किट येतं. सीएनजी गाडीत सिलिंडर डिकी अडवतो आणि स्टेपनी अशा ठिकाणी जाते की ती काढायलाच दोन माणसं लागतात. काही गाड्यांत स्टेपनी असते, पण बाकीच्या चाकांपेक्षा बारीक. अशा चाकावर वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुतेक वेळा ताशी ८० किलोमीटर. तिच्यावर पंक्चरच्या दुकानापर्यंत जायचं असतं, पुण्यापर्यंत नाही.

वीस मिनिटांचं काम

चाक बदलायला ताकदीपेक्षा क्रम महत्त्वाचा. मुलींनी हे वाचून पान उलटू नये. पाना लांब असेल आणि क्रम बरोबर असेल तर कुणालाही जमतं.

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. ऑटोमॅटिक असेल तर ‘पार्क’मध्ये. जे चाक बदलायचंय त्याच्या तिरप्या समोरच्या चाकाला धोंडा किंवा वीट लावा.

जॅक लावण्याआधी नट थोडे ढिले करा. इथेच बहुतेक जण चुकतात. आधी गाडी उचलतात आणि मग नट फिरवायला जातात. चाक हवेत गरगर फिरतं, नट काही सुटत नाही आणि हिसक्यानं गाडी जॅकवरून घसरायची भीती वेगळीच. चाक जमिनीवर असताना नट घड्याळाच्या उलट दिशेनं अर्धा-एक आटा फिरवा. काढू नका.

मग जॅक. तो कुठेही लावायचा नसतो. दाराच्या खालच्या कडेला, चाकाजवळ, ठरलेली खाच असते. गाडीच्या पुस्तकात चित्र असतं. जमीन मऊ असेल तर जॅकखाली फळी ठेवा. काळ्या मातीत, त्यातून पावसाळ्यात, जॅक खाली जातो आणि गाडी तिथेच राहते. चाक जमिनीपासून सुटेल इतकीच गाडी उचला. स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. हात, पाय, डोकं गाडीखाली कधीच घालायचं नाही. गाडीत कुणी बसलेलं नको.

आता नट पूर्ण काढा, एका जागी ठेवा. चाक ओढून काढा, स्टेपनी बसवा आणि काढलेलं चाक गाडीखाली सरकवा. सगळे नट आधी हातानं लावा. मग गाडी खाली घ्या आणि पान्यानं आवळा. ओळीनं नाही, समोरासमोर. एक आवळला की त्याच्या समोरचा. त्यामुळे चाक सारखं बसतं. पान्यावर उभं राहून उड्या मारायची गरज नाही. पन्नासेक किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा एकदा तपासा.

आणि स्टेपनीतच हवा नसेल तर? मग हे सगळं वाया. म्हणून महिन्यातून एकदा चार चाकांची हवा बघताना पाचव्याचीही बघायची.

‘पंचर’ लिहिलेला टायर

रस्त्याकडेच्या लिंबाला टांगलेला जुना टायर, त्यावर पांढऱ्या रंगात ‘पंचर’, ‘पंम्चर’ नाहीतर ‘पंक्‍चर’. शुद्धलेखन कसंही असो, तो टायर दिसल्यावर जो आनंद होतो तो कुठल्या मॉलच्या बोर्डानं होत नाही. सोलापुरात अशा दुकानावर थोडा वेळ उभं राहिलं तर मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी या चारही भाषांत ‘बघा की जरा’ ऐकू येतं. तिथला माणूस मे महिन्यात तापलेल्या रिमला हात घालत असतो आणि आपल्याला घाई असते.

पण घाईत आपण काय विकत घेतो, हे माहीत असलेलं बरं. ट्यूबलेस टायरचं पंक्चर दोन प्रकारे काढतात.

पहिला प्रकार सगळ्यांनी बघितलेला. चाक गाडीलाच ठेवून पकडीनं खिळा काढायचा, मूठ असलेल्या टोच्यानं भोक साफ करायचं, सोल्यूशन लावलेली रबरी वात त्यात घुसवायची आणि बाहेर आलेलं टोक कापायचं. पाच-दहा मिनिटं आणि शंभर-दीडशे रुपये. रस्त्यात अडकलेल्या माणसाला ही वात म्हणजे देवच. पण यात टायर आतून कुणी बघितलेलाच नसतो. खिळ्यानं आत किती फाडलंय, बसलेल्या टायरवर गाडी चालून आतलं रबर चुरलंय का, हे बाहेरून कळत नाही. म्हणून टायर कंपन्या नुसत्या वातीला तात्पुरती दुरुस्ती मानतात.

दुसरा प्रकार म्हणजे टायर रिमवरून उतरवून आतून काढलेलं पंक्चर. यात छत्रीसारखा, दांडा असलेला पॅच लावतात, म्हणून दुकानात त्याला ‘मशरूम’ म्हणतात. दांडा भोक भरतो आणि छत्री आतून हवा अडवते. वेळ जास्त लागतो, पैसे काही पट जास्त लागतात आणि चाकाचं बॅलन्सिंग करून घेणं बरं. पण याच गाडीनं हायवेवर शंभरच्या वेगानं जाणार असाल तर हाच प्रकार घ्या. रस्त्यात वात मारली असेल तर गावात पोचल्यावर मशरूम करून घ्या.

दुकानावर उभं राहून बघायची सवय ठेवा. दुकानदारावर संशय म्हणून नाही, शिकायला मिळतं म्हणून. साबणाचं पाणी मारल्यावर बुडबुडे कुठून येतात ते स्वतः बघा. एकाहून जास्त पंक्चर निघाली तर प्रत्येकाचा बुडबुडा बघितल्यावरच ‘हो’ म्हणा. कित्येकदा टायर ठणठणीत असतो आणि हवा व्हॉल्व्हमधून जात असते. तेव्हा वात नको, किरकोळ किमतीचा व्हॉल्व्ह पुरतो.

टायरमध्ये खिळा दिसला की तो उपटून काढायचा मोह आवरा. ट्यूबलेसमध्ये तोच खिळा बुचासारखा भोक बंद करून असतो. हवा तपासा, कमी असेल तर भरा आणि हळू चालवत दुकान गाठा. डिकीत सीलंटची बाटली असेल आणि ती वापरली असेल, तर दुकानात आधी सांगा. आतला चिकट लगदा साफ केल्याशिवाय पॅच धरत नाही.

बाइकवाल्यांनो, आरे असलेल्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते, अलॉय चाकात सहसा ट्यूबलेस. ट्यूबच्या टायरमधली हवा झटक्यात जाते. मागचा टायर बसला असेल तर डबलसीट जायचं नाही. मित्राला उतरवा, गाडी ढकला. दोस्ती तेवढ्यानं तुटत नाही.

काढायचं की बदलायचा?

हा खरा प्रश्न, आणि इथेच घरात वाद होतात. वडील म्हणतात अजून एक वर्ष चालेल, दुकानदार म्हणतो आजच बदला. निर्णय घ्यायला तीन-चार गोष्टी बघा.

पंक्चर कुठे आहे? रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात असेल तर काढता येतं. टायरच्या खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर असेल तर काढायचं नाही. ती भिंत चाक फिरताना सतत वाकत असते, तिथे ठिगळ टिकत नाही आणि सुटलं तर एकदम सुटतं.

भोक केवढं आहे? साधारण ६ मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. त्याहून मोठं भोक, लांब चीर, किंवा जुन्या पंक्चरला चिकटून नवं पंक्चर असेल तर टायर बदला.

बसलेल्या टायरवर गाडी किती चालली? टायर उतरवल्यावर आत काळा चुरा निघाला किंवा भिंतीवर आतून गोल पट्टा उमटला असेल तर तो टायर संपला. बाहेरून कितीही नवा दिसू दे.

नक्षी किती उरली? कारच्या टायरच्या खाचा निदान १.६ मिलिमीटर खोल असायला हव्यात. पट्टी घेऊन बसायची गरज नाही. खाचांच्या तळाशी जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायची वेळ झाली. आपल्याकडे अशा टायरला ‘गोटा’ म्हणतात. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर चालतो म्हणून आपण निवांत राहतो. पहिल्या पावसात खाचांतून पाणी बाहेर जायला वाट नसते, टायर पाण्यावर तरंगतो आणि ब्रेक मारून उपयोग होत नाही. समृद्धी सुरू झाल्यावर टायर फुटून होणाऱ्या अपघातांची इतकी चर्चा झाली, की २०२३ मध्ये परिवहन विभागानं महामार्गावर येणाऱ्या गाड्यांचे टायर तपासून गोटा टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली.

आणखी एक. खड्ड्यात आदळल्यावर टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर त्यावर उपाय नाही. आतले धागे तुटलेत असा त्याचा अर्थ. तो टायर कधी फुटेल याचा नेम नाही.

सोलापूरचं ऊन आणि हवेची अफवा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारचा डांबरी रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. मग घरातलं कुणीतरी सांगतं, ‘उन्हाळा आहे, हवा जरा कमीच ठेव, नाहीतर टायर फुटेल.’ ऐकायला पटतं, पण होतं उलटंच.

गरम झाल्यावर टायरमधला दाब वाढतो हे खरं. तापमान दहा अंशांनी वाढलं तर दाब साधारण दोन पीएसआयनं वाढतो. पण कंपनीनं दिलेला आकडा टायर थंड असतानाचा असतो आणि ही वाढ धरूनच दिलेला असतो. उलट हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. तार सारखी वाकवली की गरम होते ना, तसंच. त्या उष्णतेनं आतले थर सुटतात आणि भरधाव वेगात टायर फुटतो. म्हणजे जी भीती म्हणून हवा कमी केली, तीच समोर येते.

मग किती हवा ठेवायची? ड्रायव्हरचं दार उघडल्यावर चौकटीवर स्टिकर असतो. त्यावर पुढच्या आणि मागच्या चाकांचे आकडे असतात, गाडी भरलेली असेल तर वेगळे. सकाळी, गाडी चालवायच्या आधी किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत हवा तपासा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते. तो आपला हक्क आहे, पेट्रोल भरलं नाही तरी. नायट्रोजन भरला तर दाब जरा हळू कमी होतो इतकंच. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन आहे म्हणून तपासायचंच नाही, असं होत नाही.

नवा टायर घेताना

टायरच्या भिंतीवर त्याची कुंडली लिहिलेली असते. उदाहरणार्थ १६५/८० आर १४. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि शेवटचा रिमचा व्यास इंचात. गाडीसाठी कंपनीनं सांगितलेलाच साइज घ्या.

लंबगोलात चार आकडे असतात, ते न चुकता बघा. २३२५ असेल तर तो टायर २०२५च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. नवा म्हणून विकायला ठेवलेला टायर तीन-चार वर्षं गोदामात पडलेला असू शकतो. आणि स्वतःच्या गाडीचे आकडेही बघा. नक्षी छान असली तरी रबर म्हातारं होतं. पाच वर्षं झाली की दरवर्षी नीट तपासून घ्या. बारीक भेगा दिसायला लागल्या की ओळखा. कमी फिरणाऱ्या गाडीत आणि स्टेपनीत हे जास्त होतं.

दोनच टायर घ्यायचे असतील तर ते पुढे टाकायचे की मागे? बहुतेक जण पुढे सांगतात, कारण इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असतो. टायर कंपन्या मात्र मागे टाका म्हणतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर पाय काढून गाडी सावरता येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि सावरायला वेळच मिळत नाही.

खिशासाठी एक बरी बातमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय. ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणून लांबणीवर टाकलेला गोटा टायर बदलायला एक कारण कमी पडत होतं, ते मिळालं.

या रविवारी एवढंच करा

पुढच्या ट्रिपचं प्लॅनिंग ग्रुपवर सुरू असेलच. कोण कुठली गाणी लावणार, सकाळचा चहा कुठे प्यायचा, सगळं ठरतं. त्यात एक ओळ वाढवा. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत, सोसायटीच्या नाहीतर घरासमोरच्या सपाट जागेत गाडी लावा. डिकी रिकामी करा. स्टेपनी काढा, तिची हवा तपासा. जॅक कुठे लागतो ते शोधा. एक चाक काढून परत बसवा. पहिल्यांदा पाऊण तास लागेल, कपडे खराब होतील, कुणीतरी व्हिडिओ काढून हसेल. हसू दे. दुसऱ्यांदा वीस मिनिटांत होईल.

वडिलांना, आईला, धाकट्या बहिणीला शेजारी उभं करा आणि एकेक नट त्यांच्याही हातून ढिला करून घ्या. रात्री अकराला रस्त्यात गाडी बसेल तेव्हा गाडीत तुम्ही असालच असं नाही.

डिकीत हे हवंच

• हवा भरलेली स्टेपनी, नाहीतर पंक्चर किट आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप
• जॅक आणि लांब दांड्याचा पाना (नटाला बसतो का ते आधी बघा)
• लाल त्रिकोण, चार्ज केलेला टॉर्च, जमलं तर चमकणारं जॅकेट
• जॅकखाली ठेवायला लाकडी फळी, चाकाला लावायला वीट
• जुने हातमोजे, फडकं, पाण्याची बाटली
• मोबाइलमध्ये सेव्ह केलेले नंबर : महामार्ग हेल्पलाइन १०३३, आणीबाणी ११२, रुग्णवाहिका १०८